घडी कोणी मोडायची? : सामायिक कपाटाच्या अ‍ॅपची मांडणी

आपल्या कपाटातील कपड्यांची छायाचित्रे मोबाइलवर नोंदवून ते कपडे इतरांना काही दिवसांसाठी वापरायला देणे, इतरांचे कपडे त्याच रीतीने मागून घेणे आणि कोणत्या प्रसंगी कशावर काय शोभेल याचा सल्लाही तेथेच मिळवणे, अशी तिहेरी सोय करू पाहणाऱ्या अ‍ॅपला येथे ‘सामायिक कपाट’ म्हटले आहे. न्यूयॉर्कमध्ये 2009 साली सुरू झालेली ‘रेंट द रनवे’ किंवा मुंबईत 2015 साली आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेली ‘फ्लायरोब’ यांचा व्यवसाय कपडे भाड्याने देण्याचा; सामायिक कपाटात मात्र देणारी आणि घेणारी या दोघीही अ‍ॅपच्या ग्राहकच असतात आणि साठा शेकडो घरांत विखुरलेला असतो. असे अ‍ॅप गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यासाठी करायचे झाले, तर परदेशी नमुन्यांतील बरीच गृहीतके येथे टिकत नाहीत.

कपाट ही वस्तू या पट्ट्याला परकी नाही. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 साली कुलुपांचा कारखाना काढला तो लालबागेतच, आणि पुढे 1920 च्या दशकात त्यांच्या कंपनीने पोलादी कपाटे करायला घेतल्यावर ‘गोदरेज’ हे आडनाव कित्येक मराठी घरांत कपाटाचेच सामान्यनाम होऊन बसले. पण ते कपाट ठेवायचे त्या खोल्या लहान होत्या. त्याच दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतील खोली 160 चौरस फुटांची, आणि तेवढ्यात अख्खे कुटुंब, त्यामुळे वर्षातून एकदा बाहेर निघणाऱ्या भरजरी साडीला कॉटखालच्या ट्रंकेत जागा मिळे आणि शेजारणीला लग्नाला जायचे असले की तीच साडी गॅलरीतून दोन दारे पलीकडे जाई. या व्यवहाराला सरसकट उसनवारी म्हणतात; काटेकोरपणे पाहिले तर उसनी नेलेली वाटीभर साखर दुसरी साखर म्हणून परत येते, साडी मात्र तीच आणि जशी नेली तशी परत यावी लागते. अ‍ॅपच्या रचनेतील निम्म्या अडचणी या एका फरकातून निघतात.

पहिली अडचण नोंदीची आहे. अ‍ॅप ज्या रकान्यांत कपड्याची माहिती साठवते त्या आराखड्याला संगणकशास्त्रात ‘विदा-प्रारूप’ म्हणतात, आणि पाश्चात्त्य अ‍ॅप्समध्ये ते बहुधा वरचा कपडा, खालचा कपडा, पादत्राणे आणि प्रत्येकाचे माप असे असते. सहावारी साडीला माप नसते. साडेपाच मीटरांचे ते वस्त्र सासूला होते तसे सुनेलाही होते, आणि म्हणूनच वाटून वापरण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे वस्त्र दुसरे नाही. तिच्यावरचा ब्लाउज मात्र मालकिणीच्या मापाचा, अस्तर लावून शिवलेला, आणि दंडात अर्धा इंच कमी पडला तरी दुसरीच्या उपयोगाचा नाही. तेव्हा साडी प्रवास करते, ब्लाउज घरीच राहतो, हे सूत्र प्रारूपातच बसवावे लागते: साडीची नोंद वेगळी, ब्लाउजची वेगळी, आणि सल्ला देणाऱ्या भागाचे मुख्य काम मागून आणलेल्या साडीच्या काठाशी घेणारीच्या स्वतःच्या कपाटातील कोणता ब्लाउज जुळेल हे शोधण्याचे. फॉल-पिको झाले आहे की नाही, जर खरी की नुसती चमक, धुवायची घरी की ड्रायक्लीनिंगला, हे रकानेही लागतातच.

नऊवारीत आणखी एक पेच आहे. सव्वाआठ मीटरांची न शिवलेली नऊवारी कोणालाही नेसता येते, पण नेसता येणाऱ्या कमी उरल्या, म्हणून दादरच्या बाजारात शिवलेली नऊवारी आली, जी पायजम्यासारखी चढवून पाच मिनिटांत तयार होता येते. तिला कंबर आली, उंची आली, म्हणजे माप आले. नेसणे सोपे झाले आणि वाटून वापरणे अवघड झाले. या दोन नऊवाऱ्या एकाच नावाखाली नोंदवणारे अ‍ॅप पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी कोणाची तरी फजिती करणार हे नक्की.

छायाचित्रावरून कपडा ओळखण्याचे काम हल्ली यंत्राला शिकवतात. त्यासाठी आधी नावे लावलेली हजारो चित्रे त्याला दाखवतात, आणि अशा संग्रहाला ‘प्रशिक्षण-संच’ म्हणतात. या क्षेत्रातील विद्यार्थी ज्यावर हात बसवतात तो ‘फॅशन-एमनिस्ट’ हा संच झालांडो या जर्मन कंपनीने 2017 साली प्रसिद्ध केला. त्यात 70,000 चित्रे आणि 10 वर्ग आहेत, पुलोव्हर, कोट, घोट्यापर्यंतचे बूट असे, आणि ती चित्रे कृष्णधवल आहेत. लालबागच्या उकाड्यात पुलोव्हर ओळखून काय साधणार, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी साडीची अडचण वेगळ्या जातीची आहे. ती कपाटात असते तेव्हा तिची घडी असते, आणि घडीच्या छायाचित्रात काठाची एक पट्टी आणि अंगाचा रंग एवढेच दिसते. तिची खरी ओळख असलेला पदर आतल्या बाजूला दुमडलेला असतो. म्हणून अशा अ‍ॅपने प्रत्येक साडीची तीन छायाचित्रे मागावीत: घडीचे, उलगडलेल्या पदराचे आणि शक्य तर नेसलेले. तिसऱ्याची सक्ती मात्र करू नये, कारण स्वतःचा चेहरा अनोळखी फोनांवर फिरावा असे प्रत्येकीला वाटत नाही.

पडद्यावरच्या शब्दांचाही विचार करावा लागतो. इंग्रजी अ‍ॅपमध्ये सगळ्या वस्तूंसाठी एकच क्रियापद पुरते. मराठीत साडी नेसतात, कुडता घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात आणि गजरा माळतात. सर्वत्र ‘घाला’ असे बटण ठेवणाऱ्या अ‍ॅपचा सल्ला गिरगावातली कोणतीही मावशी गंभीरपणे घेणार नाही, आणि यात तिचे काही चुकत नाही. शिवाय या क्रियापदांत उपयोगी माहिती आहे: जे नेसतात, पांघरतात किंवा बांधतात ते वस्त्र बहुधा मापाविना असते, म्हणजे वाटून वापरण्याजोगे असते, आणि जे घालतात त्याला बहुधा माप असते.

सामायिक कपाट चालेल की पडेल हे मात्र शेवटी पंचांग ठरवते. एकच वस्तू अनेकींनी वापरायची तर त्यांच्या गरजा वेगवेगळ्या दिवशी पडायला हव्यात. संक्रांतीचे हळदीकुंकू या दृष्टीने आदर्श आहे, कारण ते रथसप्तमीपर्यंत सोयीने कधीही करतात आणि एक काळी चंद्रकळा तेवढ्या दिवसांत चार घरांत मिरवून येऊ शकते. गुढीपाडव्याची गिरगावातील शोभायात्रा याच्या नेमकी उलट: एका सकाळी, त्याच काही तासांत, सगळ्यांनाच नऊवारी आणि फेटा हवा असतो, आणि त्या दिवशी वाटून घ्यायला काही उरतच नाही. नवरात्राचे नऊ रंग या दोहोंच्या मधले. मराठी वृत्तपत्रांनी या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केलेल्या या प्रथेत राखाडी रंगाच्या दिवशी दादर स्थानकातल्या गर्दीत राखाडीच उठून दिसतो. सगळ्यांना एकाच दिवशी एकच रंग हवा, म्हणजे अ‍ॅप कोलमडायला हवे. पण जिच्याकडे हिरव्या तीन साड्या आहेत तिच्याकडे राखाडी एकही नसते, आणि रंगांचा क्रम आधी जाहीर झालेला असतो, म्हणून येथे तीच वस्तू दिवसांत फिरत नाही, तर प्रत्येकीकडचे जास्तीचे रंग एकमेकींत फिरतात. हा हिशेब घटस्थापनेच्या आठवडाभर आधी जुळवून देणे हे यंत्राला सहज जमणारे आणि माणसाला किचकट वाटणारे काम आहे, आणि अ‍ॅपचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित हाच ठरेल.

परवानगीच्या पायऱ्या ठरवताना मराठी घरांतील एक जुनी रीत मार्गदर्शक ठरते. नवी साडी आली की ती पहिल्यांदा नेसण्याचा मान नणंदेला, बहिणीला किंवा लेकीला देतात आणि याला ‘घडी मोडणे’ म्हणतात. पाश्चात्त्य हिशेबाने न वापरलेला कपडा सर्वांत मोलाचा आणि म्हणून शेवटी देण्याचा. येथे तोच प्रेमाच्या माणसाला सर्वांआधी दिला जातो. त्यामुळे प्रत्येक साडीवर ‘घडी न मोडलेली’ अशी खूण हवी आणि ती साडी कोणाला दिसावी हे मालकिणीने नावानिशी ठरवलेले असावे. आईची म्हणून जपलेली साडी कपाटात असूनही यादीत न दाखवण्याची मुभाही हवी.

अनोळखी वर्तुळात आडनाव दाखवूच नये. मुंबईत आडनावावरून जात ओळखू पाहणारे कमी नाहीत, आणि ‘कोणी नेसलेली साडी नको’ हे स्वच्छतेच्या नावाखाली आडून बोलण्याची सोय अ‍ॅपने करून देऊ नये. घराचा पत्ता आणि साडीची किंमत एकत्र दिसणे चोराच्या सोयीचे, तेव्हा देवघेव घराऐवजी कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत व्हावी, म्हणजे साडी धुऊन, इस्त्री होऊनच पुढे जाईल. नोंद ठेवण्याची विद्याही तेथे तयार आहे: महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपड्याच्या कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईने केलेली खूण हजारो कपड्यांच्या ढिगातून नेमका कपडा नेमक्या घरी पोचवते, आणि क्यूआर कोडची चिठ्ठी त्याहून वेगळे काही करत नाही.

राहता राहिला नकार. साडीवर मागच्या खेपेला डाग पडला, तर चाळीत कोणी तोंडावर बोलत नाही आणि तारे देऊन गुणही मोजत नाही. पुढच्या वेळी ती साडी ‘धुवायला दिलेली’ असते किंवा ‘वहिनींकडे गेलेली’ असते, आणि मागणारीलाही काय ते कळते. कोणती साडी कोणत्या दिवशी मोकळी आहे हे सर्वांना दाखवणारे अ‍ॅप ही आडवाट बंद करते. म्हणून प्रत्येक साडीपुढे ‘धुवायला दिली आहे’ असे बटण असावे, आणि ती खरोखर धुवायला गेली आहे का, हे अ‍ॅपने तपासू नये.