सर्व्हर भाड्याचा, जबाबदारी तुमची



या आठवड्याच्या व्हिडिओत सर्व्हरचं कन्सोल उघडून दाखवलं, तेव्हा बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता. "सर, हे सगळं आम्ही कशाला शिकायचं? त्यासाठी डेव्हलपर आहे ना!" व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे निवांत लिहितोय.

समजा तुमचा हापूसचा ऑनलाइन धंदा आहे. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आलीय. जाहिरात चालू आहे, तिचे पैसे तासातासाला कापले जातायत. रात्री साडेआठला एक गिऱ्हाईक फोन करून सांगतं, "अहो, तुमची वेबसाइट उघडत नाहीये." डेव्हलपर गावाला लग्नात. फोन लागतो, पण मागे बँड वाजतोय. आता काय कराल?

निम्मे लोक काय करतात सांगू? पॅनेल उघडतात आणि रीस्टार्टचं बटण दाबतात. कधी कधी साइट चालू होतेही. पण ती का बंद पडली होती हे कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत पडते.

म्हणून आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा. तुम्ही महिन्याला भाडं भरून जो सर्व्हर घेतलाय, तो बहुतेक वेळा व्हर्च्युअल मशीन असतो. म्हणजे कंपनीच्या एका मोठ्या कॉम्प्युटरचे बरेच भाग पाडून त्यातला एक भाग तुम्हाला दिलेला असतो. मार्केटमधला भाड्याचा गाळाच समजा. इमारत, जिना, मीटरपर्यंतची वीज हे मालक बघतो. शटरच्या आत मात्र माल, कुलूप, उंदीर, सगळं तुमचं. क्लाउड कंपन्यांचा करारही असाच असतो. फक्त तो कोणी वाचत नाही, आणि संकट आलं की सगळे मालकालाच फोन करत बसतात.

बिघाड शटरच्या आत आहे की बाहेर, हा पहिला प्रश्न. याचं उत्तर तुम्हाला स्वतःला काढता येतं, त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडवर मशीनच्या नावापुढे स्टेटस चेक दिसतात. त्यातला सिस्टमचा चेक फेल असेल तर बिघाड कंपनीच्या बाजूचा. इन्स्टन्सचा फेल असेल तर तो तुमच्या मशीनच्या आतला. बाकीच्या कंपन्यांकडेही सेवा चालू आहे की नाही हे सांगणारं एक स्टेटस पान असतं. ते आजच मोबाइलमध्ये बुकमार्क करून ठेवा. ऐन वेळी शोधायला गेलात तर सापडणार नाही.

कंपनीकडे सगळं ठीक दिसतंय? मग बिलाकडे वळा. हसू नका! रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, आणि परदेशी कंपन्यांना कार्डावरून आपोआप जाणारे अनेकांचे हप्ते अडकले. आजही मॅन्डेट नोंदवलेला नसेल किंवा कार्डाची मुदत संपली असेल, तर पैसे जात नाहीत. आठवणीचा ईमेल येतो, पण तो जातो डेव्हलपरच्या पत्त्यावर. थोड्या दिवसांनी मशीन बंद. तांत्रिक बिघाड काहीच नसतो, नुसती उधारी असते. डोमेनचंही तसंच. मुदत संपली की सर्व्हर ठणठणीत असूनही साइट दिसत नाही.

कुलपाची खूण दाखवणाऱ्या एसएसएल सर्टिफिकेटचीही तारीख बघा. 'लेट्स एन्क्रिप्ट'ची फुकट सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि सर्व्हर ती आपोआप नवी करून घेतो, असं आपण धरून चालतो. ते नूतनीकरण एखाद्या वेळी अडलं, तर पूर्वी संस्थेकडून मुदत संपत आल्याचा ईमेल यायचा. जून २०२५ पासून त्यांनी तो बंद केलाय. तेव्हा ही तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका.

आता शटरच्या आत

आत शिरलात की सगळ्यात आधी डिस्क बघायची. माझ्या बॅचमधल्या लोकांचे जेवढे 'सर्व्हर डाउन'चे फोन आले, त्यातल्या खूप जणांची डिस्क भरलेली होती. कसली भरते? लॉगने. साइटवर कोण आलं, काय चुकलं, याची सर्व्हर रोज नोंद लिहितो. वर्षभर कोणी साफ केलं नाही तर ती वहीच अख्खा गाळा व्यापते. त्यात कोणीतरी रोजचा बॅकअप त्याच डिस्कवर ठेवायची सोय केलेली असते. डिस्क शंभर टक्के भरली की डेटाबेसला नवीन ओळ लिहिता येत नाही. साइट अर्धवट उघडते, पण ऑर्डर काही पडत नाही. हे तर पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण तुम्हाला वाटतं आज मागणीच कमी आहे.

डिस्क किती भरलीय हे लिनक्सवर 'डीएफ' या कमांडने कळतं. पण इथे एक धोक्याची सूचना. जागा करायच्या घाईत डेटाबेसच्या फोल्डरला हात लावू नका. मायएसक्यूएलच्या ८व्या आवृत्तीत बायनरी लॉग मुळातच चालू असतो आणि ठरावीक सेटिंगप्रमाणे ३० दिवसांचा साठतो. त्या फाइली मोठ्या दिसतात, हात शिवशिवतो. हाताने उडवल्यात तर डेटाबेस उठायला नकार देऊ शकतो. त्या डेटाबेसच्याच कमांडने काढायच्या असतात. आणखी एक गंमत म्हणजे, मोठी लॉग फाइल उडवली तरी कधी कधी जागा मोकळी झालेली दिसत नाही. कारण ज्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवलीय, त्याने ती अजून सोडलेली नसते. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा मिळते.

डिस्क ठीक असेल तर मेमरी. स्वस्तातला १ जीबी रॅमचा प्लॅन, त्यातच वेबसाइट, त्यातच डेटाबेस. एरवी चालतं. जाहिरातीमुळे एकदम दोनशे माणसं आली की रॅम संपते. तेव्हा लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी कोणाला तरी मारतो. निवड करताना तो मुख्यतः सर्वात जास्त मेमरी खाणारा बघतो, आणि तो बहुधा डेटाबेसच असतो. गिऱ्हाइकाला दिसतं, "डेटाबेसशी संपर्क होत नाही". रीस्टार्ट केलं की चालू, गर्दी आली की परत बंद. सिस्टमच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' असे शब्द सापडले तर चोर मिळाला समजा. तात्पुरता उपाय म्हणजे डिस्कचा थोडा भाग मेमरीसारखा वापरायला देणं, ज्याला स्वॅप म्हणतात. त्याने वेग मंदावतो, पण साइट उभी राहते. सीझनच्या महिन्यापुरता मोठा प्लॅन घेणं हा खरा उपाय. क्लाउडचा फायदाच तो. आंब्याच्या दिवसांत मोठा गाळा, पावसाळ्यात परत छोटा. मात्र मोठं करताना बहुतेक ठिकाणी मशीन थोडा वेळ बंद होते, तेव्हा हे काम पहाटे उरका. आणि डिस्क एकदा मोठी केली की ती परत लहान करणं सहसा सोपं नसतं.

काही वेळा ना डिस्क भरलेली, ना मेमरी संपलेली, तरी दुपारनंतर सगळं गोगलगायीसारखं चालतं. तुमचा प्लॅन ॲमेझॉनच्या 'टी' मालिकेतला असेल तर सीपीयू क्रेडिट बघा. या मशिनी पूर्ण ताकद सतत देत नाहीत. टी२ मायक्रोला सीपीयूच्या फक्त १० टक्के ताकद कायमची मिळते. काम कमी असताना क्रेडिट साठतं, गर्दीत खर्च होतं, आणि संपलं की मशीन त्या १० टक्क्यांवर येते. टी३ मध्ये मूळ सेटिंग वेगळं आहे. तिथे वेग कमी होत नाही, ठरावीक मर्यादेपलीकडच्या वापराचं बिल येतं. एकीकडे गिऱ्हाईक वैतागतं, दुसरीकडे खिसा. आपल्याला कोणतं परवडतं, ते धंदेवाल्याने ठरवायचं. डेव्हलपरला तुमचं मार्जिन माहीत नसतं.

आता रीस्टार्टबद्दल बोलतो. ॲमेझॉनवर रीबूट केलं तर मशीनचा सार्वजनिक आयपी पत्ता तोच राहतो. पण 'स्टॉप' करून परत 'स्टार्ट' केलं तर तो बदलतो, जर तुम्ही कायमचा पत्ता, म्हणजे इलॅस्टिक आयपी, घेतला नसेल तर. मग सर्व्हर चालू, डोमेन मात्र जुन्या पत्त्याकडे बोट दाखवतंय. दुरुस्त करायला गेलात आणि बिघाड वाढवून आलात. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरवर वेगळा सापळा. तिथे मशीनच्या आतून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसते, पण भाडं चालूच राहतं. पोर्टलवरून थांबवून ती 'डीॲलोकेटेड' झाली, तरच मशीनचं भाडं थांबतं. डिस्कचं तेव्हाही द्यावंच लागतं.

बॅकअप आहे, पण कुठे?

इथे जरा थांबतो, कारण साइट दोन तास बंद पडल्याने धंदा बुडत नाही. डेटा गेला की बुडतो.

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचंही नुकसान झालं. कितीतरी लहान व्यावसायिकांना त्या दिवशी कळलं की आपला डेटा परत येणार नाही. एका ग्राहक कंपनीने बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, पण तो बॅकअपही तिथेच होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये ओव्हीएचला एक लाख युरोंहून जास्त रक्कम द्यायला सांगितलं गेलं. डेटा मात्र परत आला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून शिकण्यासारखी. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत, प्रोग्रॅमर लोकांनाच सेवा देणाऱ्या कंपनीत, रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली. सुमारे ३०० जीबी डेटाबेसमधले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या. नेहमीचा बॅकअप आवृत्ती जुळत नसल्याने बरेच दिवस होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे ईमेल पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी कोणीतरी वेगळ्या कामासाठी हाताने काढलेला स्नॅपशॉट होता, म्हणून वाचले. मधल्या तासांचा डेटा गेला तो गेलाच.

तेव्हा तुमच्या पॅनेलवर 'बॅकअप ऑन' असं हिरवं दिसतंय, यावर समाधान मानू नका. स्नॅपशॉट चांगला, मोठा बदल करण्यापूर्वी तो जरूर घ्या. पण तो त्याच कंपनीच्या त्याच खात्यात असतो. खातं गेलं की तोही गेला. डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर आणि आठवड्यातून एकदा तुमच्या ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर हवी. सर्व्हरवर हिशोब असेल तर हा कायद्याचाही विषय आहे. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार संगणकावरच्या हिशोबवह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. ॲमेझॉनचं मुंबईत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात केंद्र आहे. फक्त मशीन घेताना तो पर्याय निवडावा लागतो, आणि बॅकअपचं ठिकाण वेगळं तपासावं लागतं.

एक अनुभव सांगतो. आमच्या एका बॅचमधल्या ताईंचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय. साइट छान, ऑर्डरी चांगल्या. डेव्हलपरशी पैशावरून बिनसलं. तेव्हा कळलं की डोमेन त्याच्या नावावर, क्लाउडचं खातं त्याच्या ईमेलवर, बॅकअप त्याच्या लॅपटॉपवर. चार वर्षांच्या गिऱ्हाइकांची यादी सोडवून घ्यायला ताईंना अडीच महिने लागले. दिवाळी त्यातच गेली. कुठलाही सर्व्हर बंद पडला नव्हता बरं का!

म्हणून मुख्य खातं तुमच्या ईमेलवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर, बिल तुमच्या फर्मच्या नावे. डेव्हलपरला कामापुरता वेगळा लॉगिन काढून द्या, काम संपलं की बंद करा. यात अविश्वास नाही. गाळ्याची एक किल्ली नोकराकडे असते, पण भाडेकरार आपल्याच नावावर असतो ना?

देखभालीला माणूस ठेवणार असाल तर कोटेशन मागताना चार गोष्टी लिहूनच घ्या. डिस्क ८० टक्के भरली की तुमच्या मोबाइलवर सूचना यावी. सुरक्षेचे अपडेट कोणत्या वारी करणार ते ठरलेलं असावं. लग्नाला गेला तर त्याच्या जागी फोन कोण उचलणार, त्याचं नाव हवं. आणि तीन महिन्यांतून एकदा, बॅकअपवरून वेगळ्या मशीनवर साइट उभी करून, कालची ऑर्डर त्यात दिसते हे तुमच्यासमोर दाखवायचं. त्या दिवशी घड्याळ लावून बसा आणि किती वेळ लागला तो वहीत लिहा. चौथ्या अटीला जो "त्याची काही गरज नाही हो" म्हणेल, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा आणि दुसऱ्याला फोन लावा.