पोलादावरील सोने : कोफ्तगरीची घडण आणि जपणूक

जुन्या तलवारीच्या मुठीवर किंवा कट्यारीच्या बाजूंवर दिसणारी सोनेरी वेलबुट्टी पाहणाऱ्याला बहुधा मुलामाच वाटते. वस्तुतः मुलामा आणि कोफ्तगरी या भिन्न क्रिया होत. मुलाम्यात पाऱ्यात कालवलेले सोने तांब्यावर किंवा चांदीवर फासून उष्णतेने पारा उडवून देतात. पारा लोखंडाशी एकजीव होत नाही, त्यामुळे पोलादावर हा मार्ग सरळ चालत नाही. कोफ्तगरीत सोने केवळ ठोकून बसवलेले असते. फार्सी ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे. पाकशास्त्रातील ‘कोफ्ता’ हाही त्याच कुळातला शब्द होय.

प्रथम पोलादाचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करतात. नंतर धारदार सुरीने त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक रेघा ओढतात. रेघांच्या कडांना उठलेले सूक्ष्म दाते हीच सोन्याची पकड. केसासारखी बारीक तार नक्षीप्रमाणे मांडून हलक्या हातोडीने ठोकतात, वस्तू तापवतात, पुन्हा ठोकतात आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटतात. तापवल्याने पोलादाला येणारी काळसर-निळी छटा सोन्याला उठाव देते. पोलादात चर कोरून त्यात जाड तार बसवण्याच्या कामाला ‘तहनिशान’ म्हणतात. ते अधिक टिकाऊ, पण अधिक श्रमाचे व खर्चाचे.

सियालकोट व पंजाबमधील गुजरात ही या कामाची नामांकित केंद्रे. राजस्थानात जयपूर, अलवर व उदयपूर. संस्थानी दरबारांची मागणी ओसरली आणि १८७८च्या शस्त्रकायद्याने शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले, तेव्हा अनेक कारागीर डब्या, तबके अशा शोभेच्या वस्तूंकडे वळले. उदयपूरला ही कला आजही जिवंत आहे.

सोन्याची ही पकड केवळ यांत्रिक असल्यामुळे तिचा शत्रूही ठरलेला आहे. सोने गंजत नाही, लोखंड गंजते. नक्षीच्या कडेने ओलावा आत शिरला की खालचा गंज फुगतो आणि सोन्याचे पापुद्रे उचलले जातात. याहून मोठी हानी मात्र श्रद्धेच्या हातून होते. महाराष्ट्रात खंडेनवमीला घरातील शस्त्रे घासूनपुसून पुजली जातात. बंगळूर ही १६३८ पासून शहाजीराजांची जहागीर. तेथे मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्याच दिवशी त्या शहरात आयुधपूजा असते. राजाजीनगरसारख्या कारखान्यांच्या वसाहतीत लेथ यंत्रालाही हळदकुंकू वाहिले जाते. यंत्र घासले तर बिघडत नाही. कोफ्तगरीची मूठ मात्र दरवर्षीच्या घासण्याने झिजत जाते. चिंच लोखंडाला खाते. राख व पॉलिश-कागद सोने आणि त्याखालचे दाते दोन्ही घासून टाकतात. दाते एकदा गेले की सोने पुन्हा धरत नाही. पुन्हा रेघा ओढाव्या लागतात, म्हणजे मूळ काम नाहीसेच होते.

झिजलेल्या जागी भिंगातून आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसली, तर ती कोफ्तगरी समजावी आणि चकाकीचा हट्ट सोडावा. अशी वस्तू उघड्या हाताने न धरता कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसावी. उघड्या पोलादावर खनिज तेलाचा अगदी पातळ हात पुरेसा असतो. चामड्याच्या किंवा मखमली म्यानात ती कायम ठेवू नये, कारण तेथे दमटपणा साचतो. गंज वाढत असेल, तर घरगुती उपाय न करता संग्रहालयातील जतनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

पूजा यामुळे थांबण्याचे कारण नाही. ओले हळदकुंकू मुठीवर न लावता शस्त्राखालच्या पाटावर वाहिले आणि फुले शेजारी ठेवली, तर विधीचा मान राहतो व नक्षीही राहते. शस्त्र पुजायचे ते त्याच्यामागच्या पूर्वजांच्या स्मृतीसाठी. ती स्मृती ज्या सोन्याच्या रेषेत आहे, ती रेषाच पूजेत पुसली जाऊ नये.