जुन्या आज्ञावलीसाठी नवी भाषा निवडताना...

चंद्रपूर/प्रतिनिधी

नव्वदच्या दशकात पतसंस्था, भात गिरण्या आणि व्यापारी पेढ्यांनी संगणक घेतले, तेव्हा रोजकीर्द व खतावणीच्या आज्ञावली प्रामुख्याने फॉक्सप्रो, क्लिपर किंवा व्हिज्युअल बेसिक या भाषांत लिहिल्या गेल्या. त्यातील अनेक अजून चालतात. त्यांचा आधार मात्र सुटला आहे. मायक्रोसॉफ्टने 'व्हिज्युअल बेसिक ६'च्या विकसन साधनाला असलेला आधार एप्रिल २००८ मध्ये, तर व्हिज्युअल फॉक्सप्रोचा जानेवारी २०१५ मध्ये थांबविला. डॉस काळातील आज्ञावली ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालतच नाहीत.

प्राथमिक कृषी पतसंस्थांपुरता हा प्रश्न केंद्र सरकारने हाती घेतला. जून २०२२ मध्ये ६३ हजार संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. नाबार्डच्या देखरेखीखाली देशभर एकच प्रणाली वापरण्याचे ठरल्याने या संस्थांना भाषा निवडावी लागत नाही. इतर संस्था व लहान उद्योगांना मात्र हा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत त्याचे निकष महानगरांपेक्षा थोडे वेगळे आहेत.

पहिला निकष पैशाच्या गणिताचा. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवितो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. व्याजाच्या हजारो नोंदींत हा सूक्ष्म फरक साचत जातो आणि टाळेबंद जुळत नाही. १९६० च्या सुमारास आलेल्या कोबोलमध्ये दशमान गणित अंगभूत होते. आज जावा, सी-शार्प आणि पायथनमध्येही त्याची स्वतंत्र सोय आहे. ती वापरण्याचा आग्रह धरावा लागतो.

दुसरा निकष माणसांचा. ज्या भाषेचा जाणकार दहा वर्षांनी जिल्ह्यात मिळणार नाही, ती कितीही आधुनिक असली तरी महागात पडते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली होती. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना जावा, पायथन या भाषा परिचित असतात. नागपूर-पुण्याच्या कंपनीवर कायम अवलंबून राहण्यापेक्षा असे स्थानिक मनुष्यबळ अधिक भरवशाचे ठरते.

काही अडचणी भाषेने सुटत नाहीत. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली नावे युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात. अशी नावे सातबाऱ्याशी ताडून पाहावी लागतात. पावसाळ्यात पुराने भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. तिथे नोंद आधी संगणकातच साठवून जोडणी आल्यावर पुढे पाठविणारी रचना हवी. व्याज आकारणीचे बारकावे तर अनेकदा जुन्या आज्ञावलीत आणि गटसचिव किंवा जुन्या लेखापालाच्या स्मरणातच असतात. ते आधी कागदावर उतरविणे अगत्याचे आहे.

बदल टप्प्याटप्प्याने करणे हाच सुरक्षित मार्ग. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पुरेशा चाचणीविना एकदम नवी प्रणाली सुरू केली, तेव्हा सुमारे १९ लाख ग्राहकांची खाती त्यांच्यासाठी बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. म्हणून किमान एक पूर्ण हंगाम दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी चालवून प्रत्येक खात्याची शिल्लक जुळवून पाहावी. एका चुकीच्या नोंदीने शेतकरी थकबाकीदार दिसला, तर त्याचे पुढील हंगामाचे पीककर्ज अडते. नवी भाषा निवडणाऱ्यांनी आधी हे खाते डोळ्यांसमोर ठेवायला हवे.