अंगणातला मुंगना हाताशी ठेवा

तायांनो, तेंदूच्या खुटकटाईला तुमच्यापैकी किती तरी जणी गेल्या असतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं खालून छाटायची, आणि महिना-दीड महिन्यात त्याच खुंटाला मोठी, मऊ पानं फुटतात. न छाटलेल्या झुडपाचं पान जाड आणि दागी निघतं, फळीवर ते घेत नाहीत. म्हणजे छाटलं की झाड जोमानं फुटतं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पण जंगलात माहीत असलेली गोष्ट आपण घरच्या अंगणात विसरतो. चिखल्यात कोणत्याही गल्लीनं जा, मुंगना छपराच्या वर गेलेला दिसेल. शेंगा वरच्या शेंड्याला, आणि आपण खाली आकडी घेऊन मान दुखवत उभ्या.

मुंगन्याचं लाकूड ठिसूळ. दिसायला फांदी मनगटाएवढी, पण पाय ठेवला की काडकन मोडते. माझ्याच घरचं सांगते. भाजीला शेंगा नव्हत्या म्हणून पुतण्या वर चढला, फांदीसकट खाली आला आणि हात मोडून बसला. दीड महिना प्लास्टर. त्या शेंगा झाल्या असत्या फार तर वीस रुपयांच्या! त्या उन्हाळ्यात झाड छाटलं, तेव्हापासून शेंगा मी जमिनीवर उभी राहून तोडते.

कसं छाटायचं ते पाहा. नवीन रोप कमरेएवढं झालं की त्याचा शेंडा खुडून टाका. बाजूनं चार-पाच फांद्या फुटतील आणि झाड उंच पळायच्या ऐवजी पसरेल. जुनं झाड असेल तर शेंगा संपल्यावर, पावसाच्या आधी, जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर कापा. ऐकून जीव घाबरतो, मलाही वाटलं होतं की झाड गेलं. पण मुंगना त्यानं मरत नाही. खुंटावर कोंब गर्दीनं येतात, त्यातले चार-पाच जोमदार ठेवून बाकीचे काढा. ते कोवळे कोंब फेकू नका, त्याची भाजी करा. चार-पाच महिन्यांत झाड परत फुलावर येतं.

काप तिरपा घ्या, म्हणजे पाणी साचून खुंट सडत नाही. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडी चीर द्या, मग वरून कापा. नाही तर फांदी पडताना बुंध्याची साल सोलून नेते. कुऱ्हाडीनं ठेचण्यापेक्षा धारदार आरी बरी. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून एकत्र करा, सगळं मिळून पाणी 1 लिटर. लोखंडी भांडं वापरू नका, आणि हात साबणानं धुवा.

पावसाळ्यात मुंगन्यावर केसाळ सुरवंट येतात, त्या त्रासानं कितीक जणींनी झाडच तोडलं. हे सुरवंट दिवसा खोडावर झुंडीनं बसतात. झाड ठेंगणं असलं की काठीनं खरवडून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. उंच झाडावर काय करणार?

बाकी झाडांचं थोडक्यात. जामाला फळ नव्या फुटीवर धरतं, म्हणून बहार संपला की शेंडे छाटा. निंबाची वाळलेली सल आणि खालून सरळ उठणारे पाणसोट काढून टाका. आंब्यावर बांडगूळ दिसलं तर नुसतं ओढू नका, ते जिथं चिकटलंय त्याच्या खालून फांदी काप. पण दिवाळीनंतर आंब्याला हात लावू नका, मोहोर त्याच शेंड्यांवर यायचा असतो. आणि आंबा, मोह, चिंच छाटणं वेगळं, बुंध्यापासून तोडणं वेगळं. तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते.

विजेच्या तारेला टेकलेली फांदी मात्र कुणीही स्वतः कापायची नाही, घरच्या माणसालाही कापू देऊ नका. लाइनमनला बोलवा, लाइन बंद झाल्यावरच काम.

छाटलेला पाला शेळीला घाला. मनगटाएवढ्या जाड फांद्यांचे तीन-चार फुटांचे तुकडे जपून सावलीत ठेवा, पहिल्या पावसानंतर हातभर खोल लावले की ते फुटतात. एका झाडाचे आठ-दहा तुकडे सहज निघतात. पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी मुंगना नाही त्यांची नावं लिहून घेऊ, आणि गटाच्या पैशातून एक आरी घ्यायची का, तेही तिथंच ठरवू.