तीस दिवसांच्या मुदतीवरचं आकाश

मुंबईत ड्रोन उडवायचा तर दोन कागद वाचावे लागतात. एक दिल्लीचा, दुसरा मुंबईच्या पोलीस आयुक्तालयाचा. दिल्लीचा कागद गेल्या दहा-अकरा वर्षांत पार बदलून गेला. दुसऱ्याची मुदत साधारण महिनाभराची. ती संपत आली की तोच मजकूर नव्या तारखेने निघतो: ड्रोन, रिमोटवर चालणारी हलकी विमानं, पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँगग्लायडर, हॉट एअर बलून, या सगळ्यांना शहराच्या हद्दीत मनाई. मी किनाऱ्याचे फोटो काढतो, कोळीवाड्यांचे आणि खारफुटीचे. त्यामुळे हे दोन्ही कागद मला जवळजवळ पाठ झाले आहेत.

सुरुवात २०१४च्या मे महिन्यात झाली असं म्हणता येईल. एका पिझ्झावाल्याने वरळीतल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोचवला. ती चित्रफीत देशभर फिरली आणि पाठोपाठ पोलिसांची विचारणाही झाली. कुठला नियम मोडला हे सांगणं मात्र अवघड होतं, कारण ड्रोनसाठी असा वेगळा नियम तेव्हा नव्हताच. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढली: नियम होईपर्यंत कुठल्याही खासगी व्यक्तीने वा संस्थेने ड्रोन उडवू नये. नियम व्हायला पुढे चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत बाजारात ड्रोन मिळत होते, लग्नाच्या हॉलवर घिरट्या घालत होते, फोटोवाल्यांच्या दरपत्रकात ‘ड्रोन शॉट’ची वेगळी ओळ आली होती. सगळं बेकायदा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मुंबईची भीती समजून घ्यायला हवी आणि ती मला खोटी वाटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर समुद्रातून आले आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यांना आधी पाहिलं ते तिथल्या कोळ्यांनी. त्या रात्रीनंतर या शहराने समुद्राकडून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे, मग ती होडी असो की आकाशातला ठिपका, निर्धास्तपणे पाहिलेलं नाही. पोलिसांच्या आदेशातही कारण हेच असतं, की अशा साधनांचा वापर दहशतवादी करू शकतात.

२७ ऑगस्ट २०१८ रोजी पहिले खरे नियम आले आणि १ डिसेंबरपासून लागू झाले. वजनावरून पाच वर्ग पडले: २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो, मग स्मॉल, मीडियम आणि लार्ज. उंचीची मर्यादा ४०० फूट. उड्डाण दिवसाउजेडी, आणि यंत्र सतत नजरेच्या टप्प्यात. त्या रात्री मी मुंबईचा नकाशा टेबलावर पसरला आणि कंपासने वर्तुळं काढत बसलो. मोठ्या विमानतळाभोवती ५ किलोमीटर: जुहू, खार, वांद्र्याचा बराचसा भाग, कुर्ला गेलं. राज्याच्या मंत्रालय परिसराभोवती ३ किलोमीटर: नरिमन पॉइंट, गेटवे, मरीन ड्राइव्हचा बहुतेक भाग गेला. तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र. कुलाब्यात, वरळीत, मार्व्याला नौदल. पेन्सिल खाली ठेवली तेव्हा नकाशावर पांढरं फार थोडं उरलं होतं. १९३२च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूला उतरले, देशाच्या नागरी विमानसेवेची सुरुवात जिथे झाली, ते जुहूही वर्तुळाच्या आतच होतं.

त्या नियमांत किनाऱ्यासाठी दोन खास कलमं होती. किनाऱ्यापासून ५०० मीटरच्या पलीकडे समुद्रावर ड्रोन न्यायचा नाही, हे एक. चालत्या गाडीवरून, जहाजावरून उडवायचा नाही, हे दुसरं. लोकांनी या दोन कलमांवर फार नाकं मुरडली. मला मात्र ती समुद्र ओळखणाऱ्या माणसाने लिहिल्यासारखी वाटली. ड्रोनने उडताना जी जागा लक्षात ठेवलेली असते, संपर्क तुटला की तो तिथेच परततो. होडीवरून उडवला आणि होडी पुढे सरकली, तर तो इमानदारीने रिकाम्या पाण्यावर उतरतो. दुपारी खारे वारे सुटले की समुद्राकडे जाताना आणि परत येताना बॅटरीचा हिशेब वेगवेगळा पडतो, आणि नवख्याला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात आपल्याकडच्या घारी. ससून डॉकवर किंवा वर्सोव्याच्या बंदरावर मासळी उतरते तिथे आकाशात घारींचंच राज्य असतं आणि आपल्या हद्दीत शिरलेल्या यंत्रावर त्या सरळ झेप घेतात. खाली जाळी विणत, मासळी निवडत बायामाणसं बसलेली. दोन किलोचं यंत्र ४०० फुटांवरून कुणाच्या डोक्यात पडलं तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही. म्हणून नियम नकोत असं मी म्हणूच शकत नाही.

परवानगीच्या यंत्रणेचं मात्र हसं झालं. ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ हे तत्त्व यंत्रातच बसवायचं होतं, पण तशी सोय असलेली यंत्रं सुरुवातीला बाजारात जवळजवळ नव्हतीच. २०२०च्या जानेवारीत सरकारने, आहेत ते ड्रोन निदान जाहीर तरी करा, म्हणून १४ ते ३१ तारखेपर्यंत मुदत दिली. २०२१च्या मार्चमध्ये नवे नियम आले. त्यांत २५ प्रकारचे अर्ज आणि ७२ प्रकारची शुल्कं होती!

मग त्याच वर्षी असा उलटफेर झाला की अजून आश्चर्य वाटतं. २७ जूनला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. जुलैत नौदलाने आपल्या तळांभोवतीचा ३ किलोमीटरचा परिसर बंद असल्याचं जाहीर केलं. आता सगळंच आवळलं जाणार असं मी धरून चाललो होतो. पण २५ ऑगस्टला आलेले ड्रोन नियम, २०२१ आजवरचे सगळ्यांत मोकळे निघाले. अर्ज ५ वर आले, शुल्कं ४ वर. दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये. आकाशाला हिरवा, पिवळा, लाल असे रंग मिळाले. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही. विमानतळाभोवतीचं पिवळं क्षेत्र ४५ किलोमीटरवरून १२ वर आलं, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही २०० फुटांपर्यंत हिरवं झालं. २४ सप्टेंबरला नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला. २०२२च्या फेब्रुवारीत परवान्याच्या जागी प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र आलं. हौसेखातर २ किलोपर्यंतचा ड्रोन उडवणाऱ्याला तेही लागत नाही. त्याच महिन्यात परदेशी ड्रोनच्या आयातीला बंदी झाली.

या नियमांतली एक तरतूद मी पुन्हा पुन्हा वाचली. राज्य सरकारला किंवा पोलिसांना एखादा भाग तात्पुरता लाल करता येतो, पण एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी. चार दिवस. सभा, मिरवणूक, विसर्जन, बड्या पाहुण्याचा दौरा यांना तेवढं पुरतं, असा त्यामागचा हिशेब दिसतो. मुंबईतली मनाई मात्र या तरतुदीतून येत नाही. ती येते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमातून, ज्याला आपण जमावबंदीचं कलम म्हणून ओळखतो. त्या कलमाखालचा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिने. महिन्याचा आदेश काढून तो संपताना दुसरा काढला की ही मर्यादा कागदावर कधी ओलांडली जात नाही. जानेवारी २०२०मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की १४४चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. ते प्रकरण वेगळं आणि त्याचं गांभीर्यही वेगळं, हे मान्य. तरी आयुक्तालयाचा नवा आदेश वाचताना मला ते वाक्य आठवतंच. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, १४४चं १६३ झालं. आदेशात तेवढा आकडा बदलला.

दार पूर्ण बंद आहे असंही नाही. पोलिसांचे स्वतःचे ड्रोन वगळलेले असतात आणि उपायुक्तांच्या लेखी परवानगीने इतरांनाही उडवता येतो. ज्याच्याकडे कागदपत्रं घेऊन फिरायला माणसं आहेत, त्याला ते जमतं. कोळीवाड्यातल्या एखाद्या मंडळाला आपली वस्ती, आपली वाळवणाची जागा, होड्या ओढायचा किनारा वरून मोजून ठेवायचा असेल तर त्याने कुणाकडे जायचं? पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजलं गेलं. एप्रिल २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेची पायवाट तिथून निघाली आणि गावोगाव घराच्या मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ती योजना ग्रामीण भागाची. मुंबईचे कोळीवाडे त्यात बसत नाहीत, आणि त्यांच्या हद्दींचा वाद तसाच भिजत पडला आहे. माझी तक्रार एवढीच आहे: वर्सोव्याच्या किंवा गोराईच्या एखाद्या किनाऱ्यावर, ठरावीक तासांत, ठरावीक उंचीपर्यंत, नोंदणी दाखवून उडवू द्या, आणि ते कायमस्वरूपी लिहून द्या.

२०२५च्या जानेवारीत राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारीवर नजर ठेवण्यासाठी किनाऱ्यावरून ड्रोन उडवायला सुरुवात केली. समुद्रात आत गेलेल्या एलईडीवाल्या आणि परप्रांतीय नौका आता वरून दिसतात. लहान होडीवाल्यांची ही जुनी मागणी होती. मेमध्ये सीमेवर तणाव वाढला तेव्हा मुंबईत फटाक्यांनाही मनाई झाली. तेव्हा माझ्यासकट कुणालाही ड्रोनची आठवण झाली नसावी, आणि ते बरोबरच होतं. ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि उलवे-पनवेलच्या बाजूला नवी वर्तुळं आली.

मी तो जुना पेन्सिलचा नकाशा पुन्हा काढला आणि खाडीपलीकडची ती वर्तुळंही त्यात काढली. वर्सोव्याच्या टोकाला, जिथे खाडी समुद्राला मिळते, २०१८ साली एक लहानशी फुली मारून ठेवली आहे. तिथून मला भरतीच्या वेळी होड्या आत येतानाचा फोटो हवा होता. फुली अजून आहे. आयुक्तालयाच्या आदेशाची मुदत महिनाअखेरीला रात्री १२ वाजता संपते, आणि नवा आदेश १२ वाजून १ मिनिटाने लागू होतो.