इलेक्ट्रिक छोटा हत्ती (लहान मालवाहू गाडी) : भोपाळच्या मिसरोदचा हिशेब

किंमत (बाजारात आली तेव्हाची, एक्स-शोरूम)
• टाटा एस प्रो ईव्ही (जून २०२५) : ६.५० लाख. भार ७५० किलो, बॅटरी १४.४ युनिट.
• महिंद्रा झिओ (ऑक्टोबर २०२४) : ७.५२ लाखांपासून. भार ७६५ किलोपर्यंत.
• यूलर स्टॉर्म ईव्ही (सप्टेंबर २०२४) : ८.९९ लाखांपासून. भार १,२५० किलो.
एस प्रोचे पेट्रोल मॉडेल तेव्हा ३.९९ लाखांचे होते, म्हणजे फरक अडीच लाखांचा. रोजचे किलोमीटर कमी असतील तर तो भरून निघायला वर्षे लागतात.

भार म्हणजे काय?
फक्त मालाचे वजन. आरसी बुकातल्या ‘ग्रॉस’ आकड्यात गाडी आणि चालकही धरलेले असतात. बंद बॉडी बसवली की तिचे वजन मालातून वजा. थर्माकोल, फर्निचर अशा हलक्या मालाला किलोपेक्षा हौद्याची लांबी आधी बघतात. एस प्रोचा हौदा साडेसहा फूट.

पल्ला
• एस प्रोचा प्रमाणित पल्ला १५५ किमी. रस्त्यावर, भरल्या गाडीने, तो कमीच पडतो.
• मिसरोद–मंडीदीप : एका चार्जमध्ये अनेक फेऱ्या.
• मिसरोद–नर्मदापुरम : जाऊन-येऊन सव्वाशे किमीच्या आसपास, वाटेत घाट. मधे चार्जिंग धरूनच चला.

कागदपत्रे
• ईव्हीवर जीएसटी ५ टक्के.
• हिरवी पाटी, पिवळे आकडे.
• बॅटरीवरील मालवाहू गाड्यांना २०१८पासून परमिटची अट नाही. विमा आणि फिटनेस मात्र लागतातच.