नाव टायटनांचं, शोध ग्रेगर यांचा
टायटॅनियमच्या चौकटीचे मोबाइल आल्यापासून एक प्रश्न हमखास येतो: टायटॅनिक बोट याच धातूची होती का? नाही, ती पोलादाची होती. १९१० साली अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी जवळजवळ शुद्ध टायटॅनियम पहिल्यांदा मिळवलं, तेव्हा बेलफास्टला बोटीचं काम चालूच होतं. दोघांचं कूळ मात्र एक. आकाश आणि पृथ्वीची अवाढव्य लेकरं, म्हणजे ग्रीक पुराणातले टायटन. झ्यूसनं त्यांना हरवून पाताळात कोंडलं. पण इंग्रजीतल्या ‘टायटॅनिक’ या विशेषणात तो पराभव उतरला नाही, उतरली ती फक्त भव्यता.

धातूला हे नाव १७९५ मध्ये बर्लिनच्या मार्टिन क्लापरोट यांनी दिलं. रुटाइल या खनिजात त्यांना नवा धातू आढळला. गुणांवरून नाव सुचेना, म्हणून ते पुराणाकडे वळले.

पण चार वर्षं आधीच, १७९१ मध्ये, कॉर्नवॉलमधले एक पाद्री तिथवर पोचले होते. विल्यम ग्रेगर. मॅनॅकन गावाजवळच्या ओढ्यात त्यांना बंदुकीच्या दारूसारखी काळी वाळू मिळाली, लोहचुंबकाला चिकटणारी. फावल्या वेळात रसायनशास्त्र करणाऱ्या या माणसानं तिच्यातलं लोह वेगळं काढलं. मागे उरलं एका धातूचं पांढरट ऑक्साइड, आणि ते कोणत्याही ज्ञात धातूचं नव्हतं! ग्रेगर यांनी गावाचंच नाव सुचवलं. पुढे क्लापरोट यांनी ती वाळू तपासली आणि धातू एकच असल्याची प्रांजळ कबुली दिली. नाव मात्र टायटनांचंच राहिलं. त्या काळ्या खनिजालाही आज रशियातल्या इल्मेन डोंगरांवरून ‘इल्मेनाइट’ म्हणतात.

जाहिराती टायटॅनियमला सर्वांत बळकट धातू म्हणतात, ते खरं नाही. उत्तम पोलाद त्याहून बळकट असतं. टायटॅनियमची खुबी कमी वजनात मिळणाऱ्या ताकदीत आणि न गंजण्यात आहे. शिवाय खाणीतल्या टायटॅनियमचा बहुतांश भाग धातू होतच नाही. तो ऑक्साइडच्या रूपात पांढरा रंग म्हणून भिंतींवर लागतो, म्हणजे ग्रेगर यांच्या हाती लागलेला तोच पदार्थ.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे. तिथल्या शिक्षकांनी मुलांना ती वाळू जरूर दाखवावी आणि क्लापरोट यांच्याआधी ग्रेगर यांचं नाव सांगावं.